कुनारच्या काठी, सावकाश

हे सावकाश वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा, डोळे मिटा, पुन्हा या. पाण्याचा विषय घाईत वाचला की त्याचे नुसते आकडे होतात: इतक्या विहिरी, इतकी गावं, इतके लिटर. आज आपण एकाच मुलखापाशी बसणार आहोत आणि तिथल्या थोड्याच गोष्टी नीट न्याहाळणार आहोत.

मुलूख पूर्व अफगाणिस्तानातला, नंगरहार प्रांत. इथे जलालाबाद शहराजवळ कुनार नदी काबूल नदीला मिळते. साल २०००. दुष्काळाचं हे पहिलं वर्ष नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १९८९ मध्ये गेल्या, आणि त्यानंतर आपसातली लढाई सुरू राहिली. लाखो माणसं सरहद्द ओलांडून पाकिस्तानातल्या छावण्यांत गेली. शेतं पडीक पडली, पाट गाळाने भरले. मोडलेलं दुरुस्त करायला गावात माणसं उरली नव्हती, आणि नेमकं तेव्हाच पाणी आटलं.

आता एका आईला मनात आणा. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, ते शोधायचंही नाही. दरा-ए-नूर नावाच्या दरीत एक दवाखाना आहे. ती तिकडे चालली आहे. कडेवर मूल आहे आणि त्याला हगवण लागली आहे. विहीर आटल्यावर जे डबक्यातलं पाणी मिळालं ते तिने त्याला पाजलं होतं, कारण दुसरं नव्हतं. तिच्यापुढे प्रश्न होता की मुलाला तहानेने जाऊ द्यायचं की हे पाणी द्यायचं. तिने पाणी दिलं. अशा आया त्या उन्हाळ्यात मैलोन्‌मैल चालत येत होत्या, आणि काहींची मुलं दवाखान्याच्या रांगेतच गेली.

इथे थोडं थांबा. तिला सल्ला देऊ नका. पाणी उकळायला हवं होतं, असं मनात आलं तर येऊ द्या आणि जाऊ द्या. उकळायला सरपण लागतं, आणि उजाड डोंगरात सरपणही पाण्याइतकंच लांब असतं.

दवाखाना चालवणारे डॉक्टर जपानी होते, तेत्सू नाकामुरा. १९४६ मध्ये फुकुओकात जन्मलेला हा माणूस १९८४ मध्ये पेशावरला आला तो कुष्ठरोग्यांवर उपचार करण्यासाठी. पुढे अफगाणिस्तानच्या दुर्गम दऱ्यांत त्याने दवाखाने उभे केले. दुष्काळाच्या त्या वर्षी त्याला दिसलं की आपल्याकडे औषध आहे, पण समोरच्या मुलाला औषधाआधी जे हवं आहे ते आपल्याकडे नाही. भुकेल्या, तहानलेल्या शरीरावर औषध चालत नाही. मग दवाखान्याची माणसं विहिरी खणायला लागली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी सुमारे १,६०० विहिरी खणल्या किंवा खोल केल्या.

त्या विहिरींपैकी एकीच्या काठावर मनाने उभे राहा. खाली दोन माणसं आहेत. वर रहाट आहे, त्याला बादली, बादलीत दगडगोटे. ही नदीच्या गोट्यांची जमीन आहे. फावडं थोडं खाली जातं आणि मोठ्या धोंड्यावर आपटतं. हा धोंडा फोडायचा तर सुरुंगाची दारू हवी. ती कुठून आणायची? दारू आजूबाजूलाच होती. युद्धात न फुटता पडून राहिलेले गोळे शेतांत, ओढ्यांत विखुरलेले होते. त्यांतली दारू काढून खडक फोडायला वापरली गेली. हे काम जमणारी माणसंही युद्धानेच तयार केलेली होती. लढाईत सुरुंग पेरायला शिकलेले हात आता पाण्यासाठी सुरुंग लावत होते.

ह्या एका गोष्टीपाशी मी पुष्कळ वेळ थांबले आहे, आणि तुम्हीही थांबावं असं मला वाटतं. ही माणसं बदलली, त्यांचं हृदयपरिवर्तन झालं, असं म्हणायची घाई करू नका. कदाचित त्यांना रोजगार हवा होता. कदाचित त्याच गावात त्यांचीही मुलं तहानलेली होती. कारण काहीही असो, जी दारू कुणाच्या तरी घरावर पडायची होती ती धोंड्याच्या पोटात गेली आणि खाली ओल लागली. तेवढंच बघा.

आता आणखी खोल उतरू. ह्या मुलखात पाण्याची एक फार जुनी रीत आहे, कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल वर असतं, तिथे एक मूळ विहीर खणतात. तिथून गावाकडे जमिनीखालून एक बोगदा काढतात. बोगद्याचा उतार अगदी थोडा असतो, पाणी चालावं पण माती खरवडून नेऊ नये इतकाच. हवा खेळावी, माती वर काढता यावी, म्हणून ठरावीक अंतरावर उभी भोकं ठेवतात. डोंगरावरून खाली पाहिलं तर त्या भोकांभोवती टाकलेल्या मातीची कडी एका ओळीत गावापर्यंत आलेली दिसतात. पाण्याला उन्हाची झळ लागत नाही, ते हवेत विरत नाही. पंप लागत नाही, तेल लागत नाही. उतारामुळे ते आपोआप येतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने खडकी गावाला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणलं ते ह्याच जातीच्या विद्येने. जमिनीखालची नळी, मधेमधे वर उघडणारी भोकं, आणि सगळा भरवसा उतारावर. त्या नहर-ए-अंबरीने शहराला शतकानुशतकं पाणी पाजलं. इराणपासून अफगाणिस्तानापर्यंत आणि तिथून दख्खनपर्यंत ही विद्या माणसांच्या हातांतून आली. मलिक अंबर स्वतः इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे इथे पोचलेला माणूस होता.

डोळे मिटून त्या बोगद्यात जरा वेळ राहा. अंधार आहे, पाय गार पाण्यात आहेत, पाठ वाकलेली आहे. कारेझ दर काही वर्षांनी साफ करावा लागतो. कुणीतरी आत उतरून गाळ भरतं, कुणीतरी वर ओढतं. ज्यांना हे काम येतं ते बाप मुलाला शिकवतात. बाप छावणीत मेला आणि मुलगा छावणीत वाढला, तर कारेझ कोसळायला बाँबही लागत नाही. काही बाँबने कोसळले. कितीतरी निव्वळ हात न लागल्याने बुजले. नाकामुरांच्या लोकांनी त्या वर्षांत तीसहून अधिक कारेझ पुन्हा वाहते केले.

कारेझचं एक वैशिष्ट्य मनात ठेवा. डोंगर जितकं देईल तितकंच तो घेतो. पाणी खाली गेलं की त्याची धार बारीक होते आणि गावाला त्याच दिवशी कळतं. पंपाचं तसं नसतं. अफगाणिस्तानात अलीकडे, विशेषतः दक्षिणेत, सौरपंप फार झाले. सूर्य फुकट आहे, म्हणून पंप दिवसभर चालतो. भूजल उतरत जातं, आणि आधी आटतो तो शेजारचा कारेझ, मग उथळ विहिरी, मग ज्याला खोल जायला पैसा नाही त्याची बोअर. पंप लावणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. त्याचं पोट आजचं आहे. आपल्या मराठवाड्यात बोअरच्या मागे बोअर पाडत गेलेल्या माणसाला आपण ओळखतो, त्याने किती कर्ज काढलं हेही आपल्याला ठाऊक आहे. फक्त एवढं मनात धरा की जमिनीखालचं पाणी अनेकांचं असतं आणि ते उपसण्याची ताकद थोड्यांकडे असते.

श्वास घ्या. आता वर येऊ, नदीकडे.

विहिरींनी तहान भागली, पण शेतं कोरडीच राहिली. शेत कोरडं असेल तर माणूस गावात राहत नाही. म्हणून २००३ च्या मार्च महिन्यात नाकामुरांनी कुनार नदीतून कालवा काढायला घेतला. मारवारीद कालवा. तेव्हा त्यांचं वय छप्पन्न होतं आणि ते स्थापत्य अभियंता नव्हते. मुलीचं शाळेतलं गणिताचं पुस्तक घेऊन ते हिशेब शिकले. यंत्र चालवायलाही शिकले. २०१० पर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा हा कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत पोचला. पुढे नवे-जुने बांध आणि पाट धरून सुमारे १६,५०० हेक्टर जमीन ओलिताखाली आली आणि सहा लाखांहून अधिक माणसांना आधार झाला. गंबेरीच्या रेताडात गहू झाला, भात झाला, संत्र्यांच्या बागा झाल्या.

ह्या आकड्यांवर फार रेंगाळू नका. रेंगाळायचं आहे ते एका जाळीपाशी.

कुनार ही अंगावर येणारी नदी आहे. पुरात ती मोठमोठे धोंडे वाहून नेते. आडवी भिंत घातली तर ती भिंत फोडते किंवा तिला वळसा घालून निघून जाते. नाकामुरांनी उत्तर शोधलं ते आपल्याच मुलखात. फुकुओकाजवळ असाकुरा इथे चिकुगो नदीवर यामादाचा बंधारा आहे. १७९० मध्ये तिथल्या एका गावप्रमुखाच्या पुढाकाराने तो बांधला गेला, आणि तो आजही काम करतो. तो नदीला काटकोनात अडवत नाही. दगड रचलेला बंधारा तिरका पसरतो, पुराचं बळ लांबवर विभागलं जातं, आणि पाणी काठाच्या दाराकडे वळतं. त्या काळी तिथे सिमेंट नव्हतं. यंत्रही नव्हतं. म्हणजे जलालाबादजवळच्या खेड्यात जे आहे तेवढ्यावरच हे जमलं होतं.

कालव्याच्या काठांसाठीही त्यांनी जुनीच जपानी रीत घेतली. तारेची जाळी विणायची, तिची पेटी करायची, ती दगडांनी भरायची, पेट्या एकावर एक रचायच्या आणि त्यांच्या मागे वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या फांद्या रोवायच्या. झाड वाढतं, मुळं दगडांच्या फटींत शिरतात आणि तार गंजेपर्यंत त्यांनी दगड घट्ट धरलेले असतात.

अशी एक जाळी हातात घेतल्याची कल्पना करा. तार बोटांना टोचते. शेजारी एक माणूस दगड निवडतो आहे. त्याने आयुष्यभर दगडाचीच घरं आणि दगडाचेच बांध रचले आहेत. कोणता दगड कुठे बसेल हे त्याला बघताक्षणी कळतं. त्याला वाचता येत नसेल. ह्या जागी तो तुमच्या-माझ्यापेक्षा शिकलेला आहे. पेटी फुटली तर उद्या तो ती परत भरेल. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी नको, काबूलहून सुटा भाग मागवायला नको, परदेशी तज्ज्ञाचा व्हिसा नको.

माझं मन ह्या पेटीपाशी येऊन ठरतं. युद्ध आणि दुष्काळ सोसलेल्या गावाला पाणी देताना पहिला प्रश्न असा विचारावा: हे मोडलं तर कोण दुरुस्त करील? मोडणार हे धरून चालायचं. पूर येईल, गोळा पडेल, देणगी थांबेल, सरकार बदलेल. काबूलमधलं सरकार तर २०२१ मध्ये एका दिवसात बदललं आणि कितीतरी मदत तशीच गोठली. ज्या कामाचा जीव दूरच्या कार्यालयात अडकलेला होता ते काम तिथेच थांबलं. जगभरच्या खेड्यांत देणगीदाराची पाटी शाबूत आहे आणि हातपंप मात्र एका वॉशरसाठी बंद पडला आहे. असा हातपंप तुम्ही कधी पाहिला असेल तर तो आठवा. त्याच्या दांड्याला हात लावा. तो लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरी बाईला पुन्हा ओढ्यावर जावं लागलं.

कालव्याच्या दाराकडेही पाहा. दारात लाकडी फळ्या एकावर एक ठेवलेल्या असतात. पाणी फळ्यांच्या वरून येतं, म्हणजे वरचं, कमी गाळाचं पाणी आत शिरतं. पाणी वाढलं की फळी घालायची, कमी झालं की काढायची. पुढे गाळ बसण्यासाठी एक तळं. तरीही गाळ येतोच, आणि वर्षाकाठी तो काढावाच लागतो.

तो कोण काढतं? गावं मिळून. ह्या श्रमाला तिथे हशर म्हणतात. ज्याच्या शेताला पाणी जातं त्याने आपला माणूस द्यायचा. पाण्याच्या पाळ्या ठरवणारा एक माणूस असतो, त्याला मिराब म्हणतात. पाणी घेणारे शेतकरीच त्याला निवडतात, आणि त्याचा मोबदला बहुधा धान्यात देतात. धुळे-नाशिककडच्या वाचकाला फड पद्धत आठवली असेल. पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या बंधाऱ्यांवर पाटकरी पाणी सोडत, जागल्या राखण करी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कुठल्या फडाला द्यायचं हे सगळे मिळून ठरवत.

आता मनाने त्या मिराबच्या जागी बसा. हे कठीण आहे, म्हणून वेळ घ्या. पाणी कमी आहे. वरच्या गावाची मका तहानली आहे, खालच्या गावाचा भात तहानला आहे. वरच्या गावात तुमचा मेहुणा आहे. खालच्या गावात ज्याचा भाऊ तुमच्या भावाविरुद्ध लढला तो माणूस आहे. रात्र त्याच्या पाळीची आहे. तुम्ही त्याची फळी उचलाल का? उत्तर लगेच देऊ नका. शांतता कुठल्या करारावर सही करून येते असं आपल्याला वाटतं. इथे ती दर पाळीला, रात्री कंदील घेऊन पाटावर जाऊन राखावी लागते. एक फळी चुकीच्या वेळी राहिली तरी फावडी निघतात.

मारवारीदच्या कामावर अशीच माणसं होती: छावण्यांतून परतलेले निर्वासित, कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणारे, ह्या नाहीतर त्या बाजूचे. रोजंदारी मिळत होती आणि कामाच्या शेवटी स्वतःच्या शेताला पाणी येणार होतं. वर आकाशात युद्ध चालूच होतं. २००३ मध्ये खडक फोडायला लावलेल्या सुरुंगाचा आवाज हल्ल्याचा समजून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी कामाच्या जागी गोळीबार केला. काम पुढे चालू राहिलं. २००८ मध्ये पथकातल्या एका जपानी तरुणाचं अपहरण होऊन खून झाला. नाकामुरांनी इतर जपानी सहकाऱ्यांना घरी पाठवलं आणि स्वतः अफगाण लोकांबरोबर राहिले. गावकऱ्यांनी मशीद आणि मदरसा मागितला तेव्हा त्यांनी, ख्रिस्ती असूनही, तोही बांधून दिला. पाण्याइतकीच ती लोकांच्या एकत्र बसण्याची जागा आहे, हे त्यांना समजलं होतं.

मघाच्या आईकडे परत बघायला हवं, कारण ह्या सगळ्या बैठकांत ती नाही. हशरला घरातला पुरुष जातो, मिराबला पुरुष निवडतात. पाणी घरी आणणं, पुरवणं, आजारी मुलाला घोटघोट पाजणं तिच्याकडे आहे. विहीर कुठे असावी, वाट कोणत्या घरांवरून जावी, रांगेत किती वेळ जातो, हे तिला सगळ्यांत आधी ठाऊक असतं. तिला विचारायला बाईच जाऊ शकते. २४ डिसेंबर २०२२ रोजी तालिबान सरकारने बिगरसरकारी संस्थांत काम करायला स्त्रियांना बंदी घातली. त्या हुकमाने तिच्या दारापर्यंत जाणारी वाटच बंद केली. ह्याचा राग आला तर येऊ द्या. तो लगेच निववायची गरज नाही.

४ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी जलालाबादमध्ये नाकामुरा कामावर निघाले असताना त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर पाच अफगाण. वय ७३. दोनच महिने आधी अफगाणिस्तानने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिलं होतं. काम थांबलं, आणि काही काळाने पुन्हा सुरू झालं. जाळी विणणारे तिथलेच होते, दगड तिथलेच, आणि बंधारा कसा घालायचा हे त्यांच्या हातांना आलेलं होतं.

शेवटी एकदा त्या पाण्याबरोबर उलट्या दिशेने चाला. गंबेरीतल्या शेवटच्या शेतापासून निघा. पाटाच्या काठाने वर, झाडांच्या सावलीतून. गाळाच्या तळ्यापाशी या. फळ्यांच्या दारापाशी या. तिरक्या बंधाऱ्यावरून नदीत बघा. इथपर्यंत जे जे मोडेल ते ह्या लोकांना दुरुस्त करता येतं. आता नदीच्या वर, उत्तरेला, हिंदुकुशाच्या माथ्यापर्यंत जा. कुनारचं पाणी तिथल्या बर्फाचं आहे. जग तापतं आहे तसं हे बर्फ लवकर वितळतं, वसंतात पूर येतो आणि पिकाला हवं तेव्हा धार ओसरलेली असते. हे तापमान वाढवण्यात अफगाण शेतकऱ्याचा हात नगण्य आहे. तारेची जाळी विणून इथे काही होत नाही, मिराबची फळी इथपर्यंत पोचत नाही, आणि ज्यांच्या हाती काही आहे ते लोक ह्या डोंगरापासून फार लांब, आपापल्या शहरांत आहेत. त्यांत तुम्ही आणि मीही आहोत. इथे हवा तितका वेळ बसा.